कोंडून घेण्याआधी घरातल्या हवेचं बघा

किडनी प्रत्यारोपण झालंय, घरातले दोघं रोज कामावर जातात, मग साथ ओसरेपर्यंत खोलीतच बसून राहू का, असं तुम्ही विचारलंय. माझंही प्रत्यारोपण झालंय, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही दोन्ही औषधं चालू आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसतं खोलीत बसून भागत नाही. कोविडसारखा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो आणि बंद घरात त्याचे बारीक कण माणूस उठून गेल्यावरही तरंगत राहतात. दाराच्या कड्या पुसण्यात जाणारा वेळ खिडक्यांवर घालवा. समोरासमोरच्या दोन उघडल्या तर उत्तम. एकच असेल तर पंखा तिच्यापाशी बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा. हेपा फिल्टरचं (हवेतले बारीक कण गाळणारं) यंत्र खोलीच्या आकाराला पुरेल असं घ्या आणि तुम्हाला आवाज सोसेल त्या वेगावर ते पुरेल ना, हेही बघा. आवाज नको म्हणून सगळ्यात कमी वेगावर ठेवलं तर ते शोभेचंच. कार्बन डायऑक्साइडचा मीटर कामाचा आहे: बाहेरच्या हवेत आकडा साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतो, खोलीत 1000 च्या वर गेला की हवा कोंदलीय समजा. फक्त एक लक्षात घ्या, फिल्टर कण अडवतो, हा वायू नाही. त्यामुळे फिल्टर चालू असताना आकडा चढला तरी लगेच घाबरू नका.

मास्क एन-95 च, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, मास्कवर तळवे ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ आली तर फट आहे. पट्टे डोक्यामागून जाणारे असावेत. दाढी असेल तर काढावी लागेल, इलाज नाही.

घरात कुणाला सर्दी-खोकला झाला तर सगळ्यात आधी एकत्र जेवण बंद करा, कारण तेव्हाच सगळ्यांचे मास्क उतरलेले असतात.

कोविडची लस घ्याच, पण आपल्या गोळ्यांमुळे ती आपल्यात कमी चढते. जादा डोसबद्दल डॉक्टरांना विचारा आणि घरच्यांचे डोस चुकू देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निर्मॅट्रेलविर-रिटोनाविर हे कोविडवरचं औषध लक्षणं दिसल्यापासून 5 दिवसांच्या आत सुरू करावं लागतं, पण रिटोनाविरमुळे रक्तातलं टॅक्रोलिमस धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. ते द्यायचं की दुसरं काही, टॅक्रोलिमसचं काय करायचं, हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घ्या. रविवारी रात्री अनोळखी डॉक्टरसमोर हाच कागद कामी येतो. स्वतःच्या मनाने एकही गोळी थांबवू नका. अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तरी 48 तासांनी पुन्हा करा. आणि स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबून राहू शकतो, तेव्हा थर्मामीटरची वाट न पाहता घसा खवखवला की फोन करा.