छोट्या स्वयंपाकघराचे रंग ठरवण्याआधी

ताई, ६ बाय ८ फुटांच्या स्वयंपाकघराला कोणते रंग द्यावेत असं विचारलंत, पण रंगांच्या आधी सिंकखालच्या कपाटाचं बघा. तिथे साधा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लाय अजिबात नको. आयएस ७१० हे भारतीय मानक छापलेला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय मागा आणि शिक्का स्वतः बघून घ्या. आम्ही सुताराच्या शब्दावर विसंबलो आणि दोन पावसाळ्यांत तळ फुगून दार लागेनासं झालं.

ओट्याला ग्रॅनाइटच बरा. पांढरा संगमरवर दिसतो सुरेख, पण लिंबाचा थेंब पडला की तेवढ्या जागेचं पॉलिश उडतं, आणि हळद तर मुरतेच. काळाभोरही घेऊ नका, पाणी वाळल्याचे पांढरे डाग दिवसभर दिसत राहतात. बारीक ठिपक्यांचा करडा घ्या.

टाइल्स फिक्या आणि मोठ्या, म्हणजे सांधे कमी. शेगडीमागच्या सांध्यांत मात्र इपॉक्सी ग्राउटच, म्हणजे तेल-पाणी न शोषणारा राळेचा लेप भरून घ्या. पांढऱ्या सिमेंटमध्ये फोडणीचं तेल शिरलं की कितीही घासा, पिवळेपणा जात नाही.

वरची कपाटं भिंतीच्याच रंगाची, खालची थोडी गडद. कपाटांवर चिकटवायच्या लॅमिनेटचा नमुना दुकानातल्या दिव्यांखाली पसंत करू नका. घरी आणा, ओट्याशेजारी उभा करा, सकाळच्या उजेडात आणि रात्री ट्यूब लावून बघा. मॅट चालेल, पण खरखरीत नको. तेलकट धूळ त्यात अडकून बसते.