आजोबांसाठी नट हवाय

प्रश्न : मी जत तालुक्यातला. तीन लघुपट केलेत, आता पहिला पूर्ण लांबीचा मराठी सिनेमा करतोय. बजेट 60 लाख, त्यात मामाचे निम्मे. विहिरीतला गाळ काढणाऱ्या आजोबांची भूमिका एका नामवंत ज्येष्ठ नटाने करावी अशी फार इच्छा आहे. त्यांच्या मॅनेजरला 118 पानांची पटकथा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. दोन महिने झाले, निळ्या टिका आहेत, उत्तर नाही. सोबत तो मेसेज जोडतोय.

उत्तर : मेसेज वाचला. 'आपण होकार दिलात तर आमच्या सिनेमाचं सोनं होईल' असं त्यात आहे. शूटिंग कधी, किती दिवस, कुठे, मानधन किती, यातलं एक अक्षर नाही. मॅनेजर नेमकं तेच शोधत असतो. सोन्याचं तो काय करणार?

आधी आजोबांचे सीन मोजा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे चौदा आहेत आणि सहा ठिकाणी विखुरलेत. बाजार, एसटी स्टँड अशा बाहेरच्या ठिकाणांचे सीन घराच्या सोप्यात आणता येतात का बघा. मग विहीर आणि घर, एवढ्यात सगळं बसेल. हे गृहस्थ अजून नाटक करतात, म्हणजे शनिवार-रविवार प्रयोगांचे. सोमवारी प्रवास, मंगळ-बुध-गुरू शूटिंग, शुक्रवारी परत. असे दोन आठवडे मागा, तारखा घालून. प्रवासाचे दिवसही मानधनात धरा आणि डबिंगचा एक दिवस आत्ताच लिहून टाका, नंतर तोच मिळत नाही.

आकडा तुम्हीच सांगा. नेहमीचं मानधन तुम्हाला परवडणार नाही, हे त्यांनाही कळतं. साइनिंगला किती, शेवटच्या दिवशी किती, डबिंगनंतर किती, तेवढं लिहा. 'सिनेमा चालला की बघू' या वाक्यावर माझे स्वतःचे पैसे दोनदा बुडालेत. नफ्यात वाटा देण्याचं तुमच्या मनात आलं असेल. 'श्वास'च्या निर्मात्यांत अरुण नलावडे होते, 'कासव'च्या निर्मितीत डॉ. मोहन आगाशे. पण ती माणसं त्या सिनेमांच्या घरातलीच होती. ओळख नसलेल्या नटाला पहिल्याच पत्रात वाटा देणं म्हणजे खिशात पैसे नाहीत हे वळसा घालून सांगणं.

भूमिका छोटी आहे म्हणून मात्र कचरू नका. 'देऊळ'मध्ये नसिरुद्दीन शाह किती वेळ दिसतात, आठवून बघा.

आता पोचायचं कसं. मी प्रॉडक्शनमध्ये नवी असताना दादरला एका प्रयोगाच्या मध्यंतरात पटकथा घेऊन थेट मेकअप रूममध्ये शिरले होते. नट पुढच्या प्रवेशाच्या तयारीत डोळे मिटून बसलेले. त्यांच्या ड्रेसमननं मला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि बाहेर काढताना सांगितलं, "बाई, मंगळवारी कोकण दौऱ्याची बस सुटतीय. साहेब बसमध्ये वाचतात. मोठ्या अक्षरात काढून आणा." रात्रभर बसून फक्त त्यांचे सीन मोठ्या टाइपात काढले, वर एक पानाची गोष्ट लावली. चौथ्या दिवशी कुडाळहून फोन आला. पहिला प्रश्न : "राहायची सोय काय?"

तेव्हा तुम्हीही 118 पानं बाजूला ठेवा. एक पान गोष्ट, आजोबांचे सीन, तारखा, आकडा. छापील. सोबत तुमचा कुस्तीवरचा लघुपट, तोच तुमचा सगळ्यात चांगला आहे. प्रयोग संपल्यावर भेटा, सेल्फीची रांग ओसरू द्या. 'महिनाअखेरपर्यंत कळवाल का?' असं विचारा आणि दुसरं नाव मनात तयार ठेवा. करारावर सही होईपर्यंत पोस्टरवर त्यांचं नाव नको, फेसबुकवर तर नकोच.

आणि त्या विहिरीला पायऱ्या आहेत का? नसतील तर गाळातले शॉट डमीवर, म्हणजे त्यांच्या जागी दुसऱ्या माणसावर घ्यायचे हे आत्ताच ठरवा आणि त्या एका पानावर लिहा. सत्तरीच्या माणसाच्या घरचे ते आधी वाचतात.