पोलीस ठाण्यात रात्रभर बसवून मारहाण: दाद कोठे आणि केव्हा मागावी?

सिंधुदुर्गातील एका बंदरगावातील मच्छीमार वाचक लिहितात की, एलईडी दिव्यांच्या प्रकाशात केल्या जाणाऱ्या मासेमारीवरून झालेल्या भांडणानंतर पोलिसांनी त्यांच्या धाकट्या भावाला ठाण्यात नेले, रात्रभर पट्ट्याने मारले आणि सकाळी ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून घेऊन सोडले. अटकेची नोंद नाही. त्याच ठाण्यात तक्रार घेत नाहीत आणि वरिष्ठ ‘खातेनिहाय चौकशी चालू आहे’ एवढेच सांगतात. या प्रकाराला चार महिने झाले आहेत.

आपल्या पत्रातील सर्वांत चिंतेची बाब हे चार महिनेच आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१ नुसार, कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांविरुद्धचा खटला अथवा दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. राज्य शासनाची पूर्वमंजुरी मिळाली तरच फौजदारी खटल्यासाठी ही मर्यादा दोन वर्षांपर्यंत जाते. मारहाण हा कर्तव्याचा भागच नव्हे, म्हणून ही मुदत लागू होत नाही, असा युक्तिवाद जरूर करता येतो, पण त्याच्या भरवशावर मी कोणत्याही पक्षकाराला थांबवणार नाही. खातेनिहाय चौकशीमुळे ही मुदत थांबत नाही.

म्हणून पोलीस अधीक्षकांना आजच नोंदणीकृत टपालाने लेखी तक्रार पाठवावी आणि त्यानंतरही गुन्हा नोंदवला गेला नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गुन्हा नोंदवण्याच्या आदेशासाठी शपथपत्रासह अर्ज करून शिवाय खासगी फिर्यादही (म्हणजे थेट न्यायालयातच केलेली तक्रार) उरलेल्या दोन महिन्यांत दाखल करावी. लोकसेवकाविरुद्धच्या अशा प्रकरणात न्यायालयाला वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो व संबंधिताचे म्हणणे ऐकावे लागते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये.

पुरावा जपणे तितकेच निकडीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचे आणि चित्रीकरण किमान एक वर्ष राखण्याचे आदेश दिले आहेत. त्या रात्रीचे चित्रीकरण पुसले जाऊ नये, अशी मागणी तक्रारीतच तारखेसह करावी. ग्रामीण रुग्णालयात उपचार घेतले असल्यास केसपेपरच्या प्रमाणित प्रती घ्याव्यात. राहिला तो लिहून घेतलेला कागद. त्याची धास्ती बाळगू नये, कारण दबावाखालील लिखाणाने गुन्हा मिटत नाही, उलट अटकेची नोंद नसताना भाऊ ठाण्यात होता हे तोच कागद सांगतो. पोलिसांच्या दप्तरातील त्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी.

विहित कार्यपद्धती न पाळता डांबून ठेवणे हा गैरवर्तनाचा प्रकार विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणाच्या कक्षेत येतो, तेव्हा कोकण विभागाच्या प्राधिकरणाकडेही स्वतंत्र तक्रार करावी. मात्र प्राधिकरण शिफारस करते, शिक्षा देत नाही. नुकसानभरपाईसाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्ग व रत्नागिरीची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) असल्याने त्यासाठी मुंबई गाठावी लागणार नाही.