पाणबुडी भंगारात न काढता म्युझियम करून काय मिळतं?

मिळतं हो बरंच. आमच्या वडोद्यात कमाटी बागेच्या म्युझियममधे ब्लू व्हेलचा सांगाडा आहे ना, तो बघून पोरं जशी गप्प होतात तशीच विशाखापट्टणमला आरके बीचवर आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी बघून होतात. आम्ही मागच्या दिवाळीच्या सुट्टीत गेलेलो. ही रशियन बनावटीची, १९६९ ला नौदलात आली, ७१ च्या युद्धात गस्तीवर होती, २००१ ला रिटायर आणि २००२ पासून म्युझियम. ९१ मीटर लांब, म्हणजे बाहेरून अवाढव्य, पण आत शिरलात की कळतं, एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं म्हणजे गोल भोकातून आधी पाय घालायचा मग डोकं वाकवून अंग, आमच्या बाबांचं डोकं दोनदा आपटलं. वर पाइप, बाजूला व्हॉल्व्ह, त्यातच ७०-७५ माणसं आणि २२ टॉर्पेडो! डिझेल इंजिन पाण्यावर आल्यावर नाहीतर हवेची नळी पाण्यावर काढूनच, खोल खाली सगळं बॅटरीवर, हे पुस्तकात वाचून डोक्यात नाही शिरत, तिथे शिरतं.

पण खरी कटकट नंतरची. खारी हवा, लोखंड, सतत गंज खरवडा नि रंग मारा, तिकिटाच्या पैशात सगळं भागेलच असं नाही. आपल्या जुन्या विक्रांतचं, त्या विमानवाहू जहाजाचं, काय झालं बघा, मुंबईत काही वर्षं म्युझियम होतं आणि २०१४ ला भंगारात गेलं. म्हणून म्हणतो, ठेवायचीच तर मेंटेनन्सचे पैसे आधी बाजूला काढा. आणि हो, कुरसुरा बघायला सोमवारी जाऊ नका, बंद असतं.