नवीन बॅटरी टाकूनही गाडी तीन-चार दिवसांत डिस्चार्ज काहून होते?

भाऊ, तुम्ही विचारलं की जुनी छोटी पेट्रोल गाडी आहे, गावात घरासमोर उभी राहते, आठवड्यातून एखाद-दोन वेळा तालुक्याला नेता, वर्षभरात दोन बॅटऱ्या टाकून झाल्या तरी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करते, मेकॅनिक म्हणते बॅटरी खराब, बॅटरीवाला म्हणते डायनामो खराब, तर आता तिसरी बॅटरी घेऊ की डायनामो बदलू. माझं म्हणणं, सध्या दोन्ही घेऊ नका. एक १० नंबरचा पाना पाहा घरात आहे का, अन् इलेक्ट्रिकच्या दुकानातून तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर आणा. मी दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यात गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो, अन् न मोजता बॅटऱ्या बदलण्यात लोकांचे पैसे जाताना पाहिले की खरंच जीव तुटतो, कारण चांगली बॅटरी त्याच गाडीत टाकून पुन्हा सहा महिन्यांत मारल्या जाते.

विहीर कोरडी पडली तर तीन गोष्टी पाहतो ना आपण, विहिरीतच पाणी टिकत नाही, झरा आटला, नाहीतर कोणीतरी मोटर चालू ठेवून गेलं. इथं पण तेच, एकतर बॅटरी धरत नाही, नाहीतर डायनामो भरत नाही, नाहीतर गाडी उभी असताना कोणीतरी करंट पिते. तुमची गाडी चालवून आणल्यावर त्या दिवशी बरोबर स्टार्ट होते अन् उभी राहिल्यावरच बसते, म्हणून माझा संशय तिसऱ्यावर आहे, पण संशयावर नका जाऊ, मोजा.

पहिली चाचणी अगदी सोपी आहे अन् ती कोणी करत नाही. बॅटरी बाहेर काढून चार्जरवर पूर्ण चार्ज करून आणा, गाडीत बसवा, तासभर तशीच राहू द्या, मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून दोन्ही टर्मिनलवर लावा. १२.६ च्या आसपास आलं म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव राहिली, त्याच्या खाली गेली की संपल्यात जमा. आकडा कागदावर लिहा. आता १० च्या पान्याने मायनसची केबल काढून बाजूला करा, पोस्टला टेकणार नाही अशी, अन् गाडी तशीच चार दिवस उभी ठेवा. चार दिवसांनी पुन्हा मोजा. १२.५ च्या वर असेल तर तुमची बॅटरी चांगली आहे भाऊ, गाडीत लिकेज आहे, म्हणजे उभ्या गाडीत कुठंतरी करंट जाते. केबल काढूनही १२.१-१२.२ वर आली तर बॅटरीतच दोष. एवढ्यानं मेकॅनिक अन् बॅटरीवाल्याचं भांडण मिटते. घड्याळ अन् रेडिओची सेटिंग जाईल तेवढीच, बाकी काही होत नाही.

बॅटरीतच दोष निघाला तर दुकानात नेऊन सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अॅसिडचा घट्टपणा, पाहायला लावा. भरलेल्या बॅटरीत साधारण १.२५० ते १.२८० येते. पाच सेल १.२६० दाखवतात अन् एक १.१८० वर आहे तर तो सेल गेला, ती बॅटरी आता टिकत नाही, वॉरंटी असेल तर तिथंच बोलून घ्या. पण जाताना बॅटरी चार्ज करून न्या, उतरलेल्या बॅटरीवर लोड टेस्टर लावला की चांगली पण फेल दिसते.

इथं पाण्याचं बोललंच पाहिजे, कारण आपल्या भागात यानं खूप बॅटऱ्या मरतात. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा, बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही ते लोक बॅटरीत टाकतात. त्या क्षारांनी प्लेटा खराब होतात अन् बॅटरी जागेवर बसल्या बसल्या आपोआप उतरायला लागते, केबल काढली तरी. आरओचं पाणी पण नाही चालत बरं का, त्यात क्षार कमी राहतात पण राहतात, ते डिस्टिल्ड वॉटर नव्हे. पेट्रोल पंपावर नाहीतर बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरची बाटली स्वस्त मिळते, तीच आणा. पातळी प्लेटांच्या वर साधारण एक सेंटीमीटर, बॅटरीवर वरची-खालची खूण असेल तर तिच्या मधात. अॅसिड घरी कधीच टाकू नका, उडते ते फक्त पाणी, अॅसिड आतच राहते. अन् मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जाते तेव्हा बोनेटखाली किती होत असेल विचार करा, पाणी झपाट्यानं कमी होते, बॅटरीचं आयुष्यही उन्हानंच कमी होते. ती हिवाळ्यातल्या सकाळी बंद पडते म्हणून लोक थंडीला दोष देतात, पण तिचं नुकसान उन्हाळ्यातच झालेलं राहते. उन्हाळाभर महिन्यातून एकदा झाकणं उघडून पाहा, अन् त्या वेळी जवळ बिडी-काडी पेटवू नका, चार्ज होताना हायड्रोजन निघते, भडका होते.

आता डायनामो. गाडी स्टार्ट करा, मीटर बॅटरीवर, १३.८ ते १४.५ च्या मधात यायला पाहिजे. मग हेडलाइट, ब्लोअर, असेल तर एसी, सगळं चालू करून थोडा रेस द्या, तरी साडेतेराच्या खाली यायला नको. १३ च्या खाली राहिलं तर आधी बेल्ट पाहा, ढिला झाला की सकाळी चिरचिर आवाज करते, मग डायनामोचे कार्बन ब्रश अन् मागची जाड वायर. १५ च्या वर गेलं तर कट-आऊट, म्हणजे डायनामोचं व्होल्टेज आवरणारा भाग, गेला, तो बॅटरी उकळवते, पाणी लवकर कमी होते अन् सडक्या अंड्यासारखा वास येते, असं असेल तर गाडी फिरवू नका.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. आपल्याकडं अजून पण गाडी चालू असताना बॅटरीची केबल काढून डायनामो 'चेक' करतात, गाडी बंद नाही पडली म्हणजे डायनामो चांगला. जुन्या डिझेल जीपला, जुन्या ट्रॅक्टरला ते खपून गेलं, कारण त्यात जळायला काही नव्हतं. तुमच्या पेट्रोल गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, आहे. चालू गाडीची बॅटरी अचानक बाजूला झाली की डायनामोचं व्होल्टेज एकदम उसळते अन् ईसीएम, नाहीतर डायनामोचेच डायोड (करंट एकाच बाजूनं जाऊ देणारे भाग) उडू शकतात, मग हजारोंचा खर्च. कोणी असं करायला लागला तर हात धरा त्याचा. मीटर आहे ना तुमच्याजवळ.

आता मुख्य काम, लिकेज शोधणं. गाडी बंद, चावी काढलेली, मोबाईल चार्जर वगैरे काढलेला. दरवाज्यातला दिवा लागून राहू नये म्हणून दरवाजे बंद करा, उघडा ठेवायचाच असेल तर त्याच्या लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवा म्हणजे गाडीला वाटते बंद आहे. मीटरची लाल लीड काढून १० अँपिअरच्या भोकात टाका, नॉब १० ए डीसीवर. मायनसची केबल पोस्टवरून काढा, एक लीड पोस्टला, एक केबलला, म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जाते. लावल्या लावल्या मोठा आकडा दिसते, घाबरू नका, गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जागी होते, अर्धा तास थांबा. मीटर लागलेला असताना चावी फिरवायची नाही अन् सेल्फ तर मारायचाच नाही, मीटर जळते. अन् काम झालं की लाल लीड लगेच परत व्होल्टच्या भोकात टाका, तशीच ठेवून बॅटरीवर लावली तर सरळ शॉर्ट होते.

अर्ध्या तासानं ०.०२ ते ०.०५ अँपिअर दाखवत असेल तर सगळं बरोबर, एवढं घड्याळ, ईसीएमची मेमरी, लॉक यांना लागतेच. त्याच्या वर गेलं की हिशेब करा. मागं एक अशीच गाडी आली होती, तुमच्यासारखीच कथा, मीटरवर ०.३८ आला. म्हणजे २४ तासांत ९ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास), बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. तीन दिवसांत २७ गेले, ८ राहिले, चौथ्या दिवशी सेल्फ कुठून घेईल? फ्यूज एक-एक काढून पण शोधता येते, पण काढून लावला की गाडी पुन्हा जागी होते अन् पुन्हा अर्धा तास जाते. म्हणून मी केबल परत लावतो, गाडी झोपू देतो, मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवतो अन् प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर जे दोन बारीक धातूचे ठिपके राहतात त्यांवर लीड टेकवत जातो. ज्या फ्यूजमधून करंट जात नाही तिथं शून्य, ज्यातून जाते तिथं मिलिव्होल्ट दिसतात. त्या गाडीत सगळे शून्य, एका फ्यूजवर अडीचच्या आसपास. तो फ्यूज टेपचा, म्हणजे गाडीतल्या रेडिओ-म्युझिकचा. टेप ओढून बाहेर काढला तर मागं पिवळी अन् लाल वायर एकत्र पिळून वर काळी टेप मारलेली. पिवळी ही मेमरीची, तिला कायम करंट पाहिजे. लाल ही चावीची, चावी बंद केली की ती बंद व्हायला पाहिजे. बसवणाऱ्याला चावीचा करंट शोधायला वेळ नव्हता म्हणून दोन्ही जोडून मोकळा झाला, त्यामुळे टेपचा डिस्प्ले बंद दिसे पण आतलं सगळं रात्रंदिवस चालू. लाल वेगळी करून चावीच्या करंटवर टाकली, मीटर ०.०३ वर आला. बॅटरी बदललीच नाही.

तुमच्या गाडीत बाहेरून टेप, अॅम्प्लिफायर, जीपीएस, डॅशकॅम, सेंट्रल लॉक, रंगीत लाइटा असं काही बसवलेलं आहे का, तिथूनच सुरुवात करा. ते कोणत्या महिन्यात बसवलं अन् बॅटरी बसायला कधी लागली हे जुळवून पाहा. काही नसेल तर डिकीतला दिवा, ५ वॉटचा बल्ब साडेतीन दिवसांत रात्रंदिवस जळून पूर्ण ३५ ची बॅटरी खाली करते, डिकीत मोबाईलचा व्हिडिओ चालू करून ठेवा अन् बंद करा, दिवा विझते की नाही दिसेल. मग एखादा चिकटलेला रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी), गाडी रात्रभर उभी असून सकाळी हाताला कोमट लागते तो. अन् घरात सोयाबीन-कापूस भरलेला असेल तर उंदीर, वायरी कुरतडलेल्या दिसतात का बॅटरीमागं अन् सीटखाली टॉर्च मारून पाहा.

सगळे फ्यूज शून्य अन् तरी करंट जातच आहे, मग डायनामोचा डायोड. बॅटरीची मायनस काढा, डायनामोच्या मागची जाड वायर खोला, तिचं टोक टेपनं गुंडाळा, पुन्हा करंट मोजा. आता कमी झाला तर डायोड लिक आहे. असा डायनामो चार्जिंग बरोबर दाखवू शकते अन् रात्री तोच बॅटरी पिते, म्हणून तुमचा बॅटरीवाला बरोबरही असू शकते.

टर्मिनल ढिलं आहे म्हणून कोणी मधात खिळा ठोकून ठेवला असेल तर तो काढा अन् नवीन टर्मिनल टाका, फार महाग नाही. पांढरं-निळं आलेलं गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, कोरडं करा, घट्ट करा, मग वरून व्हॅसलीन. मायनसची केबल बॉडीला अन् इंजिनला जिथं लागते तिथला गंज पण घासून काढा.

एक अजून, लिकेज काढल्यावर लगेच बॅटरी सुधारेल असं नाही. उतरलेली बॅटरी तालुक्याच्या एका चकरेत भरत नाही, ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरवर दहा-बारा तास लागतात, तेवढं चार्जरवरच द्या. वारंवार पूर्ण उतरलेली बॅटरी थोडी कमजोर झालेलीच राहते. गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर मायनसवर कट-ऑफ स्विच बसवून घ्या, कारण ०.०५ चा करंट पण महिन्यात ३६ अँपिअर-अवर होते, म्हणजे चांगली गाडी पण महिनाभरात बसते. तोवर जंपर लावायची वेळ आली तर शेजारच्या ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी चालते, ट्रकला हात लावू नका, मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट राहते. लाल आधी तुमच्या प्लसला, मग त्याच्या प्लसला, काळी त्याच्या मायनसला अन् शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर.

मला तीन आकडे सांगा, केबल काढून चार दिवसांनंतरचं व्होल्टेज, गाडी चालू असतानाचं व्होल्टेज, अन् अर्ध्या तासानंतरचा करंट. अन् बाहेरून काय काय बसवलं आहे ते पण लिहा, पुढं कोणता फ्यूज आधी पाहायचा ते त्यावरून सांगतो.