'मेंदू प्रत्यारोपण' म्हणावं की 'देह प्रत्यारोपण'?

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. आठवीच्या मुलांनी भित्तिपत्रकासाठी 'मेंदूचं प्रत्यारोपण होऊ शकेल का?' असा लेख लिहिला. त्यात एक वाक्य आलं : 'ज्या रुग्णाला नवा मेंदू बसवला जाईल, तो पुन्हा चालू-बोलू लागेल.' सहकारी शिक्षकांनी आक्षेप घेतला की, याला 'मेंदू प्रत्यारोपण' म्हणताच येणार नाही, 'देह प्रत्यारोपण' म्हणायला हवं. बरोबर काय, आणि मुळात असं काही होऊ शकतं का, असं बाईंनी विचारलं आहे.

आक्षेप रास्त आहे. फक्त तो शब्दावर नको, मुलांच्या त्या वाक्यावर हवा.

संस्कृतात 'रुह्' म्हणजे उगवणं, वाढणं. त्याचं प्रयोजक रूप 'रोपय', म्हणजे लावणं, रुजवणं. रोप, रोपटं, वृक्षारोपण हे शब्द तिथूनच आले. 'आरोप'ही तिथलाच : एखाद्यावर ठेवलेली, चढवलेली गोष्ट. वर्तमानपत्रातले 'आरोप-प्रत्यारोप' आणि इस्पितळातलं 'प्रत्यारोपण' अशी सख्खी भावंडं आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. या घराण्याचा मूळ अर्थ पाहायचा तर भाताची लावणी पाहावी. तरव्यातलं रोप उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. जागा बदलते, माती बदलते, पण वाढतं ते रोपच, आणि लोंबी धरते तीही त्याच रोपाला. या अर्थाने मेंदू दुसऱ्या देहात लावण्याला 'मेंदू प्रत्यारोपण' म्हणणं अगदी चोख आहे. मेंदू हे रोप, देह हे खाचर.

घोटाळा होतो तो वैद्यकातल्या रूढीमुळे. मूत्रपिंड प्रत्यारोपण, यकृत प्रत्यारोपण, हृदय प्रत्यारोपण या सगळ्या समासांत पहिलं पद म्हणजे रुग्णाला मिळणारा अवयव. 'त्याला मूत्रपिंड बसवलं' या वाक्यातला 'त्याला' म्हणजे शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येणारा माणूस. घरची मंडळी त्याचीच वाट पाहत बाहेर बसलेली असतात. आता याच साच्यात मेंदू घाला. 'त्याला नवा मेंदू बसवला.' कोणाला? शुद्धीवर येईल तो ज्याचा मेंदू आहे तो, त्याच्या आठवणी, त्याचे शब्द, त्याची मुलंबाळं घेऊन. त्याला मेंदू मिळालेला नाही, तो त्याच्यापाशी होताच. मिळाला आहे तो देह. म्हणजे इतर प्रत्यारोपणांत घेणारा जागा होतो आणि इथे, शब्दाची रूढी पाळली तर, देणारा जागा होतो. म्हणून 'मेंदू प्रत्यारोपण' हे शस्त्रक्रियेचं नाव चालेल, पण 'मेंदूदाता' आणि 'मेंदू मिळालेला रुग्ण' हे शब्द चालणार नाहीत. रुग्णाच्या बाजूने बोलायचं असेल, तर 'देह प्रत्यारोपण' हेच नेमकं.

आपल्या जुन्या कथांनी हा प्रश्न फार पूर्वी विचारून ठेवला आहे, आणि त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत, हे मला विशेष मोलाचं वाटतं. वेताळपंचविशीत एक स्त्री देवीच्या वराने नवऱ्याला आणि भावाला जिवंत करते, पण घाईत शिरांची अदलाबदल होते. यातला तिचा नवरा कोणता, असं वेताळ विचारतो. ज्याच्या धडावर नवऱ्याचं शिर आहे तो, कारण सर्व अवयवांत शिर प्रधान, असं राजा सांगतो. आक्षेप घेणाऱ्या शिक्षकांचा न्याय तो हाच.

पण 'गजानन' शब्द पाहा. गजाचं आनन ज्याचं आहे तो गजानन, असा हा बहुव्रीही. यातला 'ज्याचं' कोण? पार्वतीचा मुलगा, म्हणजे धडाच्या बाजूचा. हत्तीचं शिर बसलं म्हणून तो हत्ती झाला नाही, आईचा मुलगाच राहिला. बोकडाचं डोकं लागलेला दक्षही दक्षच राहिला. इथे माणूस धडाकडे गेला. 'मेंदू' हा शब्द मात्र या कथांत कुठेच नाही. माणसाचं माणूसपण मेंदूत असतं, ही आपली आजची समजूत आहे, आणि ती आपण शब्दांत नकळत धरून चालतो.

आता शक्यतेचं बोलू. इथेही शब्द नेमका लागतो, कारण नुसता मेंदू काढून बसवणं आणि अख्खं मस्तक बसवणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

मस्तकाचा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत क्लीव्हलंडला रॉबर्ट व्हाइट या मेंदूशल्यविशारदाने 1970 मध्ये एका माकडाचं मस्तक दुसऱ्या माकडाच्या धडावर बसवलं. मेंदूला काही मिनिटं रक्त मिळालं नाही तरी पेशी मरू लागतात, म्हणून मानेतल्या रक्तवाहिन्या जोडताना रक्तपुरवठा तुटू न देणं हे त्यातलं खरं कौशल्य. माकड शुद्धीवर आलं. समोर हलणाऱ्या वस्तूवर त्याची नजर फिरे, तोंडाजवळ काही आलं की ते चावायला बघे. मानेखाली मात्र बोटही हललं नाही, आणि ते फार काळ जगलं नाही. व्हाइट यांनी आपल्या शोधनिबंधात याला मस्तकांची 'अदलाबदल' म्हटलं, आणि पुढे माणसाबद्दल बोलताना ते 'संपूर्ण देहाचं प्रत्यारोपण' म्हणत. म्हणजे हा शब्द ज्यांनी चाकू हातात घेतला त्यांनाही टाळता आला नाही.

मानेखाली काही हललं नाही, कारण मेरुरज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा दोर, तुटला की जुळत नाही. हातापायांतल्या चेता, म्हणजे संदेश नेणाऱ्या नसा, तुटल्या तर पुन्हा वाढतात, साधारण दिवसाला 1 मिलिमीटर. म्हणूनच हात प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या बोटांत कित्येक महिन्यांनी स्पर्श परततो. मेंदू आणि मेरुरज्जूतले तंतू मात्र असे वाढत नाहीत, उलट जखमेभोवतालचं ऊतक त्यांची वाढ रोखतं. इटलीचे मेंदूशल्यविशारद सर्जिओ कॅनावेरो यांनी 2013 मध्ये माणसाचं मस्तक बसवण्याची घोषणा केली आणि 2017 मध्ये मृतदेहांवर तशी शस्त्रक्रिया झाल्याचं जाहीर केलं. पण मृतदेहात चेता जुळल्या का, हे कळायला मार्गच नसतो.

नुसत्या मेंदूचं काम याहून कितीतरी अवघड. मस्तक नेलं तर डोळे, कान, जीभ मेंदूला जोडलेले राहतात. मेंदू काढला तर त्यातून निघणाऱ्या चेतांच्या बाराही जोड्या तुटतात. त्यातल्या एकट्या दृष्टीच्या चेतेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात, आणि त्यांचा स्वभाव मेरुरज्जूसारखाच, न जुळणारा. 2023 मध्ये न्यूयॉर्कला एका रुग्णाला चेहऱ्याच्या भागासोबत अख्खा डोळा बसवला. डोळ्यात रक्त खेळलं, डोळा टिकला, दृष्टी आली नाही. एका डोळ्याची ही गत, तर सगळ्या चेता तोडलेला मेंदू नव्या देहात जिवंत राहिला तरी अंधारात आणि निःशब्दात कोंडला जाईल. म्हणून बाईंनी मुलांना 'आज शक्य नाही' असंच लिहायला सांगावं.

आणि समजा, उद्या मेरुरज्जू जोडण्याची विद्या सापडली, तर तिचा पहिला हक्क कोणाचा? अपघातात पाठीचा कणा मोडून खाटेला खिळलेल्या माणसांचा. त्यांना दुसऱ्याच्या देहाची गरजच नाही. देह मिळणार तोही मेंदूमृत दात्याचाच. मेंदूस्तंभाच्या (मेंदूच्या बुडाशी असलेल्या, श्वास चालवणाऱ्या भागाच्या) मृत्यूला मृत्यू मानणारा आपला 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा पहिल्यांदा ज्या तीन राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. अशा एका दात्याचं हृदय, यकृत, दोन मूत्रपिंडं वेगवेगळ्या माणसांना जगवतात. तो सगळा देह एकालाच द्यायचा का, हा प्रश्न मला शस्त्रक्रियेइतकाच मोठा वाटतो.

शब्दांची एक अडचण उरते. देह देणाऱ्याला 'देहदाता' म्हणावं, तर 'देहदान' हा शब्द वैद्यकीय महाविद्यालयाला मृत्यूनंतर शरीर देण्यासाठी पक्का रुजला आहे. 'मेंदूदान'ही मोकळा नाही : संशोधनासाठी मृत्यूनंतर मेंदू देण्याला तसं म्हणतात, बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत त्यासाठी मेंदूपेढी आहे. म्हणून सरळ 'ज्याचा देह वापरला तो मेंदूमृत दाता' असं लिहावं, लांब झालं तरी चालेल. आणि कंपवातासाठी मेंदूत तारा घालतात, त्याला 'मेंदू प्रत्यारोपण' मुळीच म्हणू नये. तिथे मेंदू जागचा हलत नाही. 'मेंदूत तारा बसवल्या' एवढं पुरतं.

मुलांचं वाक्य मी असं करीन : 'ज्या रुग्णाच्या मेंदूला नवा देह मिळेल, तो चालू-बोलू लागेल का, हे त्याचा मेरुरज्जू आणि चेता जुळतात का यावर ठरेल.'