कपाट उघडलं की छातीत धडकी भरते. आवरायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की दर सुट्टीला सगळं कपाट पलंगावर उपसता, दुपारपर्यंत निम्म्याच घड्या होतात आणि रात्री झोपायला जागा हवी म्हणून उरलेला ढीग तसाच आत कोंबता. त्यात आईच्या माघारी तिच्या साड्याही त्याच कपाटात आल्यात. मग धडकी नाही भरणार तर काय होईल!

मी घरी ब्लाउज शिवते, जुने दुरुस्तही करून देते. त्यामुळे बायकांच्या कपाटात काय काय दडलेलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. माझं ऐकाल तर साड्यांना तूर्तास हातच लावू नका. ब्लाउजच्या कप्प्यापासून सुरुवात करा.

कारण असं की साडी वर्षानुवर्षं पडून राहते, त्यात बहुतेक वेळा साडीचा दोष नसतोच. तिचा ब्लाउज होत नसतो. साडी काय, साडेपाच मीटर कापड. अंगाने भरलात तर एक निरी कमी, वाळलात तर एक जास्त. ब्लाउज मात्र लगेच दगा देतो, आणि तो दगा कळतो नेमका लग्नाला निघायच्या घाईत. मग हूक लागत नाही म्हणून ती साडी परत तळाशी जाते आणि आपण नेहमीचीच नेसून निघतो. कपाट भरलेलं आणि नेसायला काही नाही, हे असं होतं.

तर एका संध्याकाळी फक्त ब्लाउज काढा. प्रत्येक घालून बघा, हात वर करून बघा. जो घट्ट होतो तो लगेच बाद करू नका. उलटा करून बगलेखालची शिवण बघा. शिंप्याने तिथे माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, सोडलेली असते आणि शेजारी शेजारी दोन-तीन टिपा मारलेल्या असतात. बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत ती सलग टीप असते. अंगाकडची टीप उसवली की ब्लाउज पुढच्या टिपेवर येतो. दोन टिपांत पाव इंचाचं अंतर असेल तर दोन्ही बाजू धरून घेर एक इंचाने वाढतो. याला मशीन लागत नाही, एक ब्लेड आणि चांगला उजेड पुरतो. सुती ब्लाउजला काही कळत नाही. रेशमी किंवा ब्रोकेडवर सुईची जुनी भोकं दिसतात, पण ती हाताखाली असतात, बघतंय कोण! बगलेतलं कापडच घामाने विरलं असेल तर मात्र त्यात जीव अडकवू नका.

एवढं झालं की साड्यांचा निकाल आपोआप लागायला लागतो. ज्यांचा ब्लाउज होतो त्या वरच्या कप्प्यात, हाताशी. ज्यांचा होत नाही, त्यातली एकेक हातात घेऊन स्वतःला विचारा, हिच्यासाठी मी नवा ब्लाउज शिवायला टाकीन का? अस्तराचा ब्लाउज म्हटलं तर हल्ली कित्येकदा साडीइतकीच शिलाई पडते. हो आलं तर साडी पिशवीत घालून दारापाशी ठेवा आणि त्याच आठवड्यात शिंप्याकडे टाका. नाही आलं तर ती तुमची राहिलेली नाही.

आहेराच्या साड्यांचं गणित वेगळं. ज्या नेसणार नाही त्यांना फॉल लावू नका, कारण फॉल लागला की ती पुढे कुणाला देता येत नाही. कुणी दिली त्याची चिठ्ठी आत खोचून ठेवा. आहेर फिरवण्यात लाज नाही. ज्यांनी दिला त्यांच्याच घरी परत गेला तर आहे. ओटीचे ब्लाउजपीस एका डब्यात वेगळे ठेवा, ते वर्षभर या ना त्या निमित्ताने लागतातच.

नको झालेल्या कपड्यांसाठी अजूनही बोहारीण येते त्या भागात राहत असाल तर नशीबवान आहात. ती जरीच्या साड्या आणि फुलपँट आधी बघते, धुवट सुती साडी बाजूला सारते, आणि पातेलं हातात धरून म्हणते, “एवढ्याला नाय येत ताई, अजून एक शर्ट टाका.” घासाघीस तिच्याकडून शिकावी. तिने नाकारलेल्या मऊ सुती साड्या गोधडीला सोन्यासारख्या. पुण्याच्या आसपास साड्या घेऊन गोधडी शिवून देणाऱ्या बायका आहेत. धडधाकट कपडे गूंजसारख्या संस्थेला देता येतात. पण विरलेले, डाग पडलेले कपडे दान म्हणून देऊ नका, त्यांची घरीच फडकी करा.

आईच्या साड्या सगळ्यात शेवटी. आत्ता त्या एका बॅगेत काढून ठेवा, म्हणजे रोज कपाट उघडताना समोर येणार नाहीत. सवड झाली की मावशी, मामी, बहिणींना बोलावून प्रत्येकीला एकेक उचलू द्या. आमच्याकडे तसंच केलं होतं आणि साड्यांपेक्षा गप्पाच जास्त झाल्या. एखादी तुम्हाला ठेवावीशी वाटेल. ती रेशमी असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, मलमलीच्या कापडात गुंडाळा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, वेखंडाचा तुकडा बरा. आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला, नाहीतर रेशीम घडीवरच फाटतं. फाटलीच तर काठ आणि पदर शाबूत असतात. त्यात घरातल्या छोट्या मुलीचं परकर-पोलकं आरामात बसतं.

हे सगळं पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत उघडलेले कपडे परत ठेवले की कुबट वास धरतात. ऑक्टोबरचं ऊन पडू द्या.

परकरांचं राहिलंच. ते मात्र फार विचार न करता निम्मे काढा. काळा, पांढरा, मरून, हिरवा आणि एक बिस्किटी एवढ्यावर सगळ्या साड्या निभावतात. प्रत्येक साडीला मॅचिंग परकर हवा हे दुकानदाराने आपल्या डोक्यात भरवलेलं आहे.